बोरन्हाण, शेंगदाणे आणि ती चार मिनिटं

येलदरीच्या आम्ही बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. आमच्यात अंगणवाडीताई आहेत, आशाताई आहेत, कापूस वेचायला जाणाऱ्या आहेत आणि दिवसभर नातवंडं सांभाळणाऱ्या आज्याही आहेत. तुम्ही भाजी निवडत ऐकत असाल, वाती वळत ऐकत असाल, चालेल. पण मध्ये एक भाग असा येईल की तिथं हात मोकळे लागतील. तेव्हा सांगू. जवळ एखादी बाहुली किंवा छोटी उशी असेल तर आत्ताच घेऊन ठेवा.

संक्रांत तोंडावर आली आहे. ज्या घरात लहान लेकरू आहे त्या घरात बोरन्हाणाची तयारी सुरू झाली असेल. काळं झबलं शिवून झालं असेल, हलव्याचे दागिने सांगून ठेवले असतील. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या अंगणात पाट मांडला जाईल, लेकराला ओवाळलं जाईल आणि डोक्यावरून ती गंमत ओतली जाईल. त्या गमतीत काय काय असतं ते एकदा मोजू या. बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, हलवा, रेवड्या आणि अलीकडं रंगीत गोळ्या. लहान लेकराच्या घशात काय अडकू शकतं, अशी यादी कुणी करायला बसलं तर ती जवळजवळ हीच होईल.

बोरन्हाण बंद करा असं सांगायला आम्ही आलो नाही. आमच्याही घरी होतं, यंदाही होणार. हौस करायची, पण ती कशी करायची आणि त्या दिवशी काय, एरवीही घरात, वावरात, जत्रेत लेकराच्या घशात काही अडकलं तर आपण काय करायचं, ते आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट वेळेची. घशात घास अडकून श्वास पूर्ण बंद झाला, तर प्राणवायूवाचून मेंदूला साधारण चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. आता आपल्या गावाचा हिशेब करा. येलदरीहून जिंतूरचा सरकारी दवाखाना चार मिनिटांत येतो का? परभणी तर त्याच्याही पुढं. 108 नंबरची गाडी 2014 पासून आपल्या राज्यात फुकट धावते, तिचे उपकार थोर आहेत. पण ती जिंतुराहून निघाली तरी चार मिनिटांत आपल्या दारात उभी राहू शकत नाही. मोटारसायकलवर लेकरू घेऊन धावलो तरी आपण वाटेतच असतो, आणि मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर लेकरू निळं पडत असतं. म्हणून ती चार मिनिटं डॉक्टरची नाहीत. ती चार मिनिटं आईची, आजीची, शेजारणीची आहेत. त्या वेळात लेकराजवळ जी कुणी असेल, तिच्याच हाताला ही विद्या यायला पाहिजे.

लहान लेकरांनाच हे जास्त का होतं? आपल्या घशात दोन वाटा आहेत. एक अन्नाची, एक श्वासाची. श्वासाच्या वाटेच्या तोंडावर एक झडप असते. आपण घास गिळतो त्या क्षणाला ती झाकली जाते, आणि घास मागच्या वाटेनं पोटात उतरतो. धरणाचं दार कुणी वेळेवर पाडावं तसं हे काम आपल्या नकळत चालतं. पण आपण घास तोंडात ठेवून हसलो, रडलो, पळालो, जोरानं श्वास आत ओढला, तर दार उघडं असतानाच घास तिथं येतो. मोठ्या माणसाला ठसका लागतो आणि घास बाहेर फेकला जातो. लेकराचा ठसका तेवढ्या जोराचा नसतो. तान्ह्या बाळाची श्वासनळी जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते, म्हणजे एक शेंगदाणा तिच्यापेक्षा मोठाच. शिवाय दातांचं बघा. पुढचे दात येतात, लेकरू शेंगदाण्याचा तुकडा पाडतं, आपण कौतुकानं म्हणतो, आता खायला लागलं. पण तो तुकडा दळायला दाढा लागतात. पहिल्या दाढा दीड वर्षाच्या आसपास येतात, मागच्या दाढा दोन-अडीच वर्षांपर्यंत येत राहतात. तोडायचे दात आले आणि दळायचे आले नाहीत, हाच काळ सगळ्यात धोक्याचा. त्यातून लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं. तीन-चार वर्षांच्या आतली लेकरं जास्त सापडतात ती यामुळं.

आता ओळखायचं कसं ते ऐका. यात दोन प्रकार आहेत आणि दोन्हींत आपलं वागणं वेगळं आहे.

पहिला प्रकार. लेकरू खोकतंय, रडतंय, आवाज निघतोय. याचा अर्थ हवा थोडी तरी जातेय. अशा वेळी त्याला खोकू द्या. खोकला हेच त्याचं औषध. मांडीवर सरळ बसवा, थोडं पुढं झुकवा, जवळ थांबा, धीर द्या. पाठीत धपाटे घालू नका, पाणी पाजू नका, तोंडात बोट घालू नका. अडकलेली वस्तू चांगल्या खोकल्यानं निघत असते. आपल्या घाईनं ती उलट आत सरकायची. खोकला थांबत नसेल, श्वासाला घरघर येत असेल तर दवाखान्याची वाट धरा.

दुसरा प्रकार. लेकराचं तोंड उघडं आहे पण आवाज नाही. रडणं नाही, खोकला नाही, किंवा अगदी क्षीण. डोळे मोठे झालेत, हात गळ्याकडं जातात, ओठ आणि नखं निळसर व्हायला लागतात. ध्यानात ठेवा, जीव जाणारं लेकरू आरडाओरडा करत नाही. ते गप्प होतं. स्वयंपाकघरात आपली पाठ असते आणि मागं सगळं शांत असतं. म्हणून खाणाऱ्या लेकराकडं पाठ करून बसू नये. अशा वेळी आधी एक हाक मारा, शेजारणीला बोलवा, तिला 108 लावायला सांगा. आणि स्वतः लगेच कामाला लागा. फोन लागायची वाट बघू नका.

आता हात मोकळे करा. बाहुली घ्या.

लेकरू एक वर्षाच्या आतलं असेल तर असं करायचं. खाली बसा किंवा पाय पुढं घेऊन टेका. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या. पोट आपल्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागावर, आणि जबडा आपल्या बोटांत. बोटं हाडावर ठेवा, गळ्यावर दाब येता कामा नये. हात आपल्या मांडीवर टेकवा. बाळाचं डोकं त्याच्या अंगापेक्षा खाली राहिलं पाहिजे. आता दुसऱ्या हातानं, पीठ मळताना आपण तळहाताच्या ज्या मनगटाजवळच्या भागानं जोर देतो, त्याच भागानं, बाळाच्या खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध पाच धक्के द्या. एक, दोन, तीन, चार, पाच. थोपटल्यासारखं नाही. नेमका आणि जोराचा धक्का.

निघालं नाही? आता दुसरा हात बाळाच्या पाठीवरून डोक्याखाली धरा आणि दोन्ही हातांच्या मधे बाळ ठेवून त्याला उताणं करा. डोकं अजूनही खालीच. छातीवर दोन्ही स्तनाग्रांना जोडणारी रेघ मनात धरा. त्या रेघेच्या किंचित खाली, छातीच्या मधल्या हाडावर, पुन्हा त्याच मनगटाजवळच्या भागानं पाच वेळा दाबा. दाब साधारण दीड इंच खोल गेला पाहिजे. पूर्वी इथं दोन बोटं वापरायला शिकवत, आता तळहाताचा भाग वापरायला सांगतात. प्रत्येक दाबानंतर छाती वर येऊ द्या. पाच झाले की तोंडात बघा. नाही निघालं तर पुन्हा पालथं, पाच धक्के. पुन्हा उताणं, पाच दाब. वस्तू बाहेर येईपर्यंत, बाळ रडेपर्यंत थांबायचं नाही. अशा बाळाचं रडणं ऐकायला मिळालं की समजा जिंकलो.

एक मोठी गोष्ट इथं लक्षात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधी दाबायचं नाही. त्याचं काळीज, म्हणजे यकृत, बरगड्यांच्या खाली बाहेरच असतं, त्याला इजा होते.

लेकरू एक वर्षाच्या वरचं असेल तर पद्धत थोडी बदलते. त्याच्या मागं गुडघ्यावर बसा, म्हणजे आपण त्याच्या उंचीला येतो. एका हातानं छातीला आधार देऊन त्याला पुढं वाकवा आणि दुसऱ्या हातानं खांद्याच्या पात्यांमध्ये पाच धक्के द्या. नाही निघालं तर त्याच्या मागूनच दोन्ही हात पोटाभोवती घाला. एका हाताची मूठ वळा. बेंबीच्या वर आणि छातीचं हाड संपतं त्याच्या खाली, मधोमध, मुठीची अंगठ्याकडची बाजू ठेवा. दुसऱ्या हातानं मूठ धरा. आता झटक्यात आत आणि वर ओढा. पाच वेळा, प्रत्येक झटका वेगळा. मग पुन्हा पाच धक्के पाठीत. असं आलटून पालटून. पोटात दाब दिल्यानं फुप्फुसातली उरलेली हवा बुचासारखी ती वस्तू बाहेर ढकलते. एवढंच त्यातलं मर्म आहे.

ही पोटाची युक्ती हाइमलिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1974 साली लिहून मांडली. ती वर्तमानपत्रांत छापून आली आणि थोड्याच दिवसांत तिथल्या एका निवृत्त गृहस्थानं, केवळ पेपरात वाचलेलं आठवून, आपल्या शेजारणीचा जीव वाचवला. त्यानं कधी दवाखान्यात काम केलं नव्हतं. हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्यातल्या कित्येक जणी म्हणतात, आम्हाला कुठं जमतंय, आम्ही काय शिकलेल्या आहोत का. त्या गृहस्थाला पेपरानं शिकवलं, तुम्हाला रेडिओ शिकवतोय.

समजा लेकरू हातातच ढिलं पडलं, शुद्ध गेली. तर त्याला टणक जमिनीवर उताणं ठेवा. फोन मोठ्या आवाजावर करून शेजारी ठेवा, 108 वरचा माणूस काय करायचं ते सांगत राहतो. तोंड उघडून बघा. वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच बोटानं काढा. मग छातीच्या मधोमध, खालच्या अर्ध्या हाडावर, 30 वेळा भराभर दाबा. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास. छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा खाली गेला पाहिजे. मग पुन्हा तोंडात बघा. डोकं किंचित मागं करून दोन वेळा तोंडानं हवा द्या. बाळ तान्हं असेल तर आपल्या तोंडात त्याचं नाक आणि तोंड दोन्ही घ्यायचं, हवा फक्त गाल भरून. मग पुन्हा 30 दाब. गाडी येईपर्यंत सोडायचं नाही.

आता जे करू नये ते. यातलं बरंचसं आपण वाडवडिलांकडून बघत आलो आहोत, प्रेमापोटीच करत आलो आहोत. लेकराला पाय धरून उलटं टांगून हलवायचं नाही. त्यानं मानेला इजा होते आणि हातातून निसटायची भीती. घशात आंधळेपणानं बोट फिरवायचं नाही. वस्तू दिसत नसताना बोट घातलं की ती बुचासारखी आणखी खोल बसते. पाणी, दूध, तूप, केळं, भाताचा गोळा, काहीही द्यायचं नाही. श्वासाच्या वाटेत अडकलेल्याला केळ्याचा घास देऊन आपण दुसरं बूच बसवतो.

आमच्याकडं मासळी पुष्कळ खातात. पूर्णेवर धरण झालं, पाणी अडलं, तेव्हापासून जलाशयातला रोहू, कटला घरोघर शिजतो. म्हणून काट्याचं वेगळं सांगतो. काटा टोचला, लेकरू रडतंय, बोलतंय, श्वास नीट चालू आहे, तर तो बहुतेक घशाच्या भिंतीत रुतलेला असतो. इथं पाठीत धक्के नकोत, पोट दाबणं नको आणि भाताचा गोळा गिळवणंही नको. गोळ्यानं काटा आणखी रुततो. सरळ दवाखान्यात न्या, डॉक्टर उजेडात बघून चिमट्यानं काढतात. नाणं गिळलं आणि श्वास चालू असला तरी दवाखाना हवाच. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल तर लगेच. आणि घड्याळातला, खेळण्यातला, चावीतला तो बटणासारखा चपटा सेल गिळला असा नुसता संशय आला तरी रात्र असो की पाऊस, उठून निघा. तो सेल अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतली कातडी जाळायला लागतो.

आता एक असं सांगतो, जे फार थोड्यांना ठाऊक असतं. कधी कधी लेकराला खाताना जोराचा ठसका लागतो, चेहरा लाल होतो, आणि मग दोन मिनिटांत सगळं शांत. लेकरू खेळायला लागतं. आपण म्हणतो, गेलं खाली. पण ते पोटात गेलेलं नसतं. शेंगदाण्याचा तुकडा मोठ्या नळीतून घसरून फुप्फुसाच्या एका बारीक नळीत जाऊन बसलेला असतो. तिथं तो ओलाव्यानं फुगतो, त्याच्या तेलानं आतली जागा सुजते. मग आठ-पंधरा दिवसांनी खोकला, ताप, एका बाजूला सूं सूं आवाज. औषध घेतलं की कमी, सोडलं की पुन्हा. आमच्या ओळखीतल्या एका घरी दीड वर्षाच्या पोरीला असाच खोकला लागून होता. दोन महिने बाटल्यांवर बाटल्या झाल्या. घरच्या कुणाला त्या ठसक्याची आठवणच राहिली नव्हती. शेवटी आजीला आठवलं की सोयाबीन काढायच्या दिवसांत पोरगी शेंगा खाताना गुदमरली होती. ते वाक्य डॉक्टरच्या कानावर गेलं, आणि मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीनं दाण्याचा तुकडा निघाला. पोरगी आता अंगणवाडीत येते.

त्यातून घ्यायचं ते हे. शेंगदाणा एक्सरेत दिसत नाही. डॉक्टरला तो तुमच्या सांगण्यातूनच दिसतो. म्हणून ठसका लागून थांबला तरी लेकराला एकदा दाखवून आणा. आणि जाल तेव्हा पहिलं वाक्य हे असू द्या: डॉक्टर, हे लेकरू अमुक दिवशी दाणे खाताना गुदमरलं होतं. पोट दाबून वस्तू काढली असेल तरीही दवाखान्यात दाखवा, आत कुठं मार लागला नाही ना ते बघावं लागतं. दुर्बिणीनं श्वासनळीतली वस्तू काढायचं काम काही आजचं नाही. जर्मनीत किलियन नावाच्या डॉक्टरनं 1897 साली एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतून हाडाचा तुकडा असाच काढला होता. सव्वाशे वर्षांची ही विद्या आहे, तिला भिऊ नका. लेकराला भूल देतात, नळी घालतात, तुकडा काढतात.

पण खरी शहाणी बाई ती, जिच्या घरी या विद्येची पाळीच येत नाही. आणि यासाठी आपल्या स्वयंपाकघरात सगळं तयार आहे. पाच वर्षांच्या आत अख्खा शेंगदाणा नाही, फुटाणा नाही, भाजलेलं सोयाबीन नाही, मक्याच्या लाह्या नाहीत, लिमलेटची गोळी नाही. मग शेंगदाण्याची ताकद लेकराला द्यायचीच नाही का? द्यायची. आपल्या मराठवाड्यात कूट नाही असं घर दाखवा. दाणे भाजा, बारीक कूट करा, वरणात, भाजीत, पेजेत, गुळात कालवून द्या. फक्त कोरडा कूट चमच्यानं तोंडात टाकू नका, कोरड्या भुकटीनंही ठसका लागतो. लाडू वळताना त्यात अख्खे दाणे, अख्खा सुकामेवा टाकू नका. द्राक्षं येतील तेव्हा उभी चिरून चार फोडी करा. आडवी चकती केली तर ती नळीवर झाकणासारखी बसते. गाजर किसून किंवा शिजवून. सीताफळाच्या दिवसांत बिया काढून नुसता गर. बोर, जांभूळ, चिंच, चिकू यांच्या बिया मोठ्या माणसानं काढायच्या, लेकरावर सोडायच्या नाहीत.

खायचं कसं तेही महत्त्वाचं. बसून. झोपाळ्यावर नाही, पळताना नाही, बैलगाडीत नाही, मोटारसायकलवर पुढं बसून नाही. लेकरू रडत असताना त्याच्या तोंडात घास कोंबायचा नाही. खाताना गुदगुल्या नाहीत. तान्ह्याला घुटी, औषध पाजताना नाक दाबून घशात ओतायचं नाही. डोकं वर उचलून, गालाच्या बाजूनं, थोडं थोडं. जंताची गोळी शाळेत, अंगणवाडीत मिळते ना, तीही लहानांना अख्खी द्यायची नसते. एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी, दोन ते तीन वर्षांच्याला एक, आणि दोन्ही चुरून पाण्यात कालवून. लेकरू रडत असेल तर ते शांत होईपर्यंत थांबायचं. अंगणवाडीताईंना हे माहीत असतं, पण गोळी घरी आणून देणाऱ्यांनीही लक्षात ठेवा.

वावराचं काय? कापसाच्या दिवसांत आई सरीत असते, लेकरू बांधावर झाडाखाली झोळीत, आणि राखायला सात-आठ वर्षांची बहीण. तिच्या हातात आपण शेंगांचं गाठोडं देतो. ती प्रेमानं आपल्यातला दाणा धाकट्याला भरवते. तिचा दोष नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज रेडिओ संपला की पहिलं काम, घरातल्या थोरल्या पोरीपोरांना सांगा: धाकट्याला आपल्या हातानं काही भरवायचं नाही, त्यानं तोंडात काही घातलं तर लगेच हाक मारायची. आणि वावरात जाताना धाकट्याचं वेगळं खाणं बांधून न्या, मऊ भाकरी दुधात कुस्करून, शिजवलेलं बटाटं, केळं.

खाण्याखेरीज घरातल्या बारीक वस्तूंचं बघा. टिकली, कानातल्याची फिरकी, मण्याची सर, सेफ्टी पिन, पेनाचं टोपण, चिंचोके, गजगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तर फार वाईट, तो घशाला चिकटून बसतो. वाढदिवसाला फुगे लावले तर फुटलेला तुकडा तिथल्या तिथं उचला. खेळण्यांना आपल्या देशात 1 जानेवारी 2021 पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. जत्रेतल्या पाटीवरच्या खेळण्यावर तो बहुतेक नसतोच. तेव्हा घेताना ओढून बघा, चाक, डोळा, शिट्टी निघते का. सव्वा इंचाच्या भोकातून जाईल असा कुठलाही भाग तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात नको. आशाताई तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या लेकराच्या घरी येतात. त्या आल्या की वजनाबरोबर याचंही विचारा. घरात काय काय उचलून ठेवावं, असं म्हणा, त्या जमिनीवर बसून लेकराच्या नजरेनं घर बघून सांगतील.

तर मग बोरन्हाणाचं काय ठरलं? आम्ही यंदा येलदरीत असं ठरवलंय. लेकराच्या डोक्यावर चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घालायच्या. बोरं, करवे, शेंगा, गोळ्या वेगळ्या परातीत ठेवायच्या आणि मोठ्या पोरांना हातात वाटायच्या. लुटायची मजा त्यांना बाहेर, पाटापासून लांब. हलव्याचे दागिने घालायचे, फोटो काढायचे आणि लगेच उतरवायचे, कारण लेकरू पहिलं काय करतं तर गळ्यातला हार चोखतं. एक बाई फक्त लेकराच्या तोंडाकडं बघायला नेमायची. फोटो काढणारी वेगळी, ओवाळणारी वेगळी, ही वेगळी. आणि पाट उचलल्यावर जमीन झाडून घ्यायची. कारण पाहुणे गेल्यावर, संध्याकाळी, पाटाखालचा एक हरभरा रांगणाऱ्या लेकराला सापडतो. आज्यांना हे पटायला थोडा वेळ लागला. मग त्यातल्याच एक आजी म्हणाल्या, औक्षण लेकराच्या आयुष्यासाठीच करतो ना आपण, मग त्याला राखायला काय हरकत. त्यापुढं कुणी बोललं नाही.

आणि हळदीकुंकू आहेच. संक्रांत ते रथसप्तमी आपण रोज कुणाकडं तरी जातो. वाण लुटतो, डबे, चाळण्या, साबणाच्या वड्या. यंदा प्रत्येक हळदीकुंकवाला दहा मिनिटं जादा थांबा. एक बाहुली मधे ठेवा. प्रत्येकीनं एकदा पालथं धरून पाच धक्के, उताणं करून पाच दाब. मोठ्या लेकराची पद्धत एकमेकींवर जोर न लावता, फक्त मूठ कुठं ठेवायची ते. खऱ्या माणसावर धक्का द्यायचा नाही, सराव उशीवर करायचा. सुनेनं करावं, सासूनंही करावं, कारण दुपारी घरी सासूच असते. दारावर, चुलीजवळ, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: पाच पाठीत, पाच छातीत, वर्षाच्या वर पाच पोटात, 108.

ज्यांची बाहुली अजून मांडीवर आहे त्यांनी आत्ताच एकदा पुन्हा करून बघा. डोकं खाली. जबडा धरा, गळा सोडा. एक, दोन, तीन, चार, पाच. उताणं. एक, दोन, तीन, चार, पाच. तोंडात बघा.

हात शिकला की डोकं घाबरलं तरी हात विसरत नाही. सगळ्यांना संक्रांतीच्या आगाऊ शुभेच्छा. तीळगूळ घ्या, धाकट्यांना त्यातला मऊ द्या. नमस्कार.